सकाळी नेलेली सायकल

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. माझ्या बायकोला, सुजातालाही नाही. एका रविवारी दुपारी, घरात पाहुण्यांची पानं मांडायची लगबग चालू असताना, मी गॅलरीत जाऊन एका जपानी पोलिसाशी फोनवर बोललो. त्याने एक साधा प्रश्न विचारला. मी एका शब्दात उत्तर दिलं, आणि ते उत्तर खोटं होतं. त्या खोट्यावर मी अजून टोकियोत राहतो आहे. ज्याच्याबद्दल तो प्रश्न होता तो माणूस आता इथे नाही.

त्याला आम्ही सिग्नलपंत म्हणायचो. खरं नाव अविनाश, पण टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या मराठी घरांत ते नाव फक्त मेधावहिनी घ्यायच्या, आणि बायकोने नाव घेतलं की पंताचं काहीतरी चुकलेलं असायचं. स्टेशनकडून आमच्या वसाहतीकडे येताना एक गल्ली आडवी जाते. इतकी अरुंद, की धड रस्ताही म्हणवत नाही. तिथेही चालणाऱ्यांसाठी सिग्नल आहे. गाडी नसो, माणूस नसो, वरून पाऊस कोसळत असो, दिवा लाल असला की पंत उभा. आम्ही बाकीचे पलीकडे जाऊन वळून बघायचो तर हा अलीकडे, बॅग छातीशी धरून, दिव्याकडे बघत.

"पंत, येताय की तिथेच बिऱ्हाड थाटताय?" कोणीतरी ओरडायचं.

"तुम्ही व्हा पुढे. जेवून घ्या. दिवा बदलला की येतो."

पुण्याचा माणूस आणि असा कसा, हा आमच्या चेष्टेचा कायमचा विषय होता. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "पुण्यात असताना मी एकसुद्धा सिग्नल पाळला नाही. अख्ख्या टिळक रोडची बाकी आहे माझ्यावर. ती इथे हप्त्याहप्त्याने फेडतोय."

वसाहतीत नवीन कुटुंब आलं की बाकीचे लोक डबा घेऊन जायचे. पंत रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेऊन जायचा. कचरा शिकवायला. जमिनीवर मांडी ठोकून तो त्या बाटलीचं टोपण काढायचा, लेबल सोलायचा आणि समोर मांडून ठेवायचा. "हा संसार मोडायचा. नवरा या पिशवीत, बायको त्या पिशवीत, आणि सासूबाईंना आधी धुऊन घ्यायचं." नव्याने आलेल्या बायका हसायच्या, पण चुकायच्या नाहीत. "चुकलं तर हे लोक भांडत नाहीत हो," तो बजावायचा. "तुमची पिशवी तेवढी मागे ठेवून जातात. न बोलणाऱ्या माणसाची जास्त भीती बाळगावी." हे वाक्य मला अलीकडे फार आठवतं.

ओजिमा सपाट आहे, त्यामुळे बाजारहाट, पोरांची शाळा, स्टेशन, सगळं सायकलवर. आमच्या डोक्यात सायकल हे वाहन नव्हतंच. वाहन म्हणजे ज्याला पेट्रोल लागतं ते. दोन बिअर पिऊन सायकलने घरी जाणं आम्हाला पान खाऊन शतपावली करण्याइतकं निरुपद्रवी वाटायचं. पंत मात्र घोटभर जरी प्यायला असला तरी सायकल हातात धरून चालत जायचा. "हातात धरली की ती सायकल नाही, सोबत आहे," असं म्हणायचा. कायदा कडक झाला तेव्हा वॉर्ड ऑफिसातलं पत्रक त्यानेच आणलं आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं.

"ऐका. पिऊन सायकल चालवणाऱ्याला तर धरतातच. ज्याने त्याला पाजली त्यालाही. ज्याने सायकल दिली त्यालाही."

"मग आपल्यातलं कोणीच सुटत नाही," मी म्हणालो.

"तू तर नाहीच. तुझा आग्रह म्हणजे मारामारी असते."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच नोंदवून ठेवतो.

आग्रहाचं म्हणाल तर ते खरं होतं. डोंबिवलीला आमच्या घरी पाहुण्याने 'पुरे' म्हटलं की वाढायला खरी सुरुवात व्हायची. ताटावर आडवा धरलेला हात वडील स्वतःच्या हाताने बाजूला करत आणि वाढत. मी तेच इथे आणलं, फक्त जिलेबीच्या जागी बाटली आली. पंत माझ्यापुढे कधी टिकायचा नाही. पानात टाकायचं नाही आणि वाढणाऱ्याचा हात झिडकारायचा नाही, असं त्याच्या आईने त्याला लहानपणी घालून दिलं होतं. "आईचा सिग्नल," तो म्हणायचा. "तोही मोडवत नाही." गळ्याची शपथ घातली की तो मुकाट्याने ग्लास पुढे करायचा. मी ती शपथ सर्रास घालायचो.

आता एइजूबद्दल सांगायला हवं. कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला इथे एइजू म्हणतात. ते मिळेपर्यंत आमच्यासारख्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की देशातले दिवसही संपत येतात. मी आणि पंताने एकाच सुमारास अर्ज केले. खरं म्हणजे दोन्ही अर्ज त्यानेच केले. माझे कराचे दाखले, विम्याच्या पावत्या, सगळं त्याने माझ्या मागे लागून गोळा करून घेतलं. हमीदार म्हणून सही करायला माझ्या ओळखीत कोणी नव्हतं, तर कावासाकी शहरातल्या आपल्या ऑफिसातल्या एका वयस्क जपानी सहकाऱ्याला त्याने माझ्यासाठी राजी केलं. "माझा मित्र आहे म्हणजे चांगलाच असणार, असं म्हणाले ते," पंत मला म्हणाला. "आता तेवढं खरं करून दाखव."

मला एइजू हवं होतं ते घराच्या कर्जासाठी. पंताला हवं होतं ओवीसाठी. ओवी त्याची एकुलती एक मुलगी. इथे आली तेव्हा कडेवर होती. आई-बाप मराठीत बोलायचे, ती जपानीत उत्तर द्यायची. झोपेत बडबडायची तीही जपानीतच. पंताचं कंत्राट पुढच्या मार्चमध्ये संपणार होतं आणि ते वाढणार नाही अशी कुणकुण त्याला लागली होती. एइजू हातात पडलं असतं तर मिळेल ते काम करून राहता आलं असतं.

"मी कुठेही राहीन रे," तो एकदा म्हणाला. "मेधाही राहील. पण ही पोर पुण्यात कोणाशी बोलणार? तिचे सगळे विनोद इथले आहेत."

माझं एइजू आधी आलं. शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात नवं कार्ड आणायला गेलो तेव्हा बरोबर पंतच होता. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, रुमालाने पुसलं आणि मला परत दिलं. "छान आलाय फोटो. अगदी कायमचा दिसतोस." सुजाताने घरी ते कार्ड देवापुढे ठेवून त्याला कुंकू लावलं. लगेचच्या रविवारी आम्ही जेवण ठेवलं. पंताचं कुटुंब, आणखी दोन कुटुंबं. मसालेभात, पुऱ्या, श्रीखंड, मठ्ठा. आणि मी आणलेली व्हिस्की. मेधावहिनी आणि ओवी शाळेच्या कसल्याशा कार्यक्रमाला गेल्या होत्या, मागून येणार होत्या. पंत एकटाच चालत आला.

पहिला ग्लास त्याने आनंदाने घेतला. दुसऱ्या वेळी त्याने ग्लासावर हात ठेवला.

"बास आता. भर दुपारी नको."

"आज माझं एइजू झालंय आणि तू बास म्हणतोस? कोणामुळे झालं ते?"

"तुझ्यामुळे. तू कर वेळेवर भरलेस."

"पंत, माझ्या गळ्याची शपथ आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात बाजूला घेतला. मी ग्लास भरला. पुढचाही भरला. त्या वेळी शपथसुद्धा घातली नाही, नुसती बाटली पुढे केली.

तेवढ्यात सुजाता स्वयंपाकघरातून डोकावली. "मठ्ठ्याला दही कमी पडतंय. कोणी आणतं का पटकन?"

"मी आणतो," पंत उठला. "चालत जाऊन येतो."

"चालत? पुऱ्या गार होतील." मी माझ्या सायकलची किल्ली त्याच्याकडे टाकली. "ही घेऊन जा."

"अरे, मी प्यायलोय."

"कोपऱ्यावर जातोयस, ओसाकाला नाही."

"मग हातात धरून नेतो."

"वा! सिग्नलपंत सायकलला फिरायला नेणार! गळ्यात पट्टा बांधून देऊ का तिच्या?" सगळे हसले, आणि त्या हसण्याने मला आणखी चेव आला. "रविवारची दुपार आहे बाबा. इथे कोण बघतंय?"

पंतही हसला आणि गेला. मी गॅलरीतून पाहिलं, वळणापर्यंत त्याने सायकल हातातच धरली होती. वळणावर तो थांबला आणि वर माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, बस, बस. तो सीटवर बसला आणि दिसेनासा झाला.

पुढचं मला त्यानेच नंतर सांगितलं. मोठ्या रस्त्यावर दिवा लाल होता. तो थांबला. माझी सायकल बॅटरीची, मागे पोराची सीट बसवलेली, जड. पाय टेकताना त्याचा तोल गेला आणि तो सायकलसकट आडवा झाला. समोरच कोबान आहे, म्हणजे पोलिस चौकी. तिथला पोलिस रस्ता ओलांडून धावत आला तो मदतीला. "लागलं का तुम्हाला?" म्हणत वाकला, त्याला उठवायला हात दिला, आणि तसाच वाकलेला थांबला. वास आला होता.

"सिग्नल तोडून गेलो असतो तर त्याने मान वर करूनही बघितलं नसतं," पंत म्हणाला आणि हसला. मीही हसलो. कसा हसलो ते मला अजून कळत नाही.

इथे प्रत्येक सायकलची पोलिसांकडे नोंद असते. दांड्यावर एक स्टिकर असतं, त्यावरून मालक सापडतो. म्हणून तो फोन मला आला. मी गॅलरीत जाऊन काचेचं दार लोटून घेतलं. पोलिस फार अदबीने बोलत होता. सायकल तुमची का? हो. नेणारे गृहस्थ ओळखीचे का? हो.

"ते म्हणतात, सायकल त्यांनी तुमच्याकडून सकाळी नेली. बरोबर आहे का?"

मला सगळं एकदम कळलं. पंत सापडला होता. आणि त्याने दुपारची सकाळ केली होती. सकाळी नेली म्हणजे तो माझ्या घरी प्यायला नव्हता. मी पाजली नव्हती. तो प्यायलाय हे ठाऊक असताना मी सायकल दिली नव्हती. काचेतून आतलं दिसत होतं: टेबलावर बाटली, शेजारी पंताचा ग्लास, आणि देवापुढे कुंकू लावलेलं माझं कार्ड.

"सकाळी," मी म्हणालो.

आत जाऊन मी सांगितलं, पंताला मेधावहिनींनी शाळेत बोलावलंय, तो परस्पर गेला, आता ते तिघंही येत नाहीत. सगळे मठ्ठ्याशिवाय जेवले. दोन दिवसांत खरं काय ते सर्वांना कळलं, म्हणजे पंत पकडला गेला हे कळलं. पोलिस आपल्यापर्यंत आले नाहीत यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "पंतांनी जरा जास्तच घेतली होती," असंही कोणीतरी म्हणालं. ग्लास कोणी भरला ते त्या खोलीतल्या प्रत्येकाने बघितलं होतं. पण पोलिसाने मला विचारलं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मेधावहिनींनी मला एकदा विचारलं. जिन्यात भेटल्या होत्या, हातात भाजीची पिशवी. "भाऊजी, तुम्हाला कोणी काही विचारलं नाही का हो? सायकल तुमची होती ना?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही.

पंताने पोलिसांना सांगितलं होतं की त्याने कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, बिअरचे डबे घेतले आणि उद्यानात एकटाच पीत बसला. मी त्याला विचारलं, असं का सांगितलंस?

"तुझं कार्ड अजून ओलं होतं ना," तो म्हणाला. "माझं तर आलेलंच नाही. जे आलेलं नाही ते जाणार कसं?"

असं त्याला वाटलं होतं. कोर्टाने दंड केला. इथे हा दंड म्हणजे चौकात पावती फाडण्यातला प्रकार नाही, ती फौजदारी शिक्षा असते. अर्ज चालू असताना काही घडलं तर कळवायचं असतं म्हणून पंताने स्वतः जाऊन इमिग्रेशनला कळवलं. काही महिन्यांनी अर्ज नामंजूर होऊन आला. कारण विचारायला तो शिनागावाला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की वर्तन चांगलं असावं ही अट पुरी होत नाही. घरी येऊन त्याने ते मला मराठीत करून सांगितलं. "माझी चालचलणूक चांगली नाही म्हणाले." एवढंच. कचऱ्याच्या बाटलीचं लेबल सोलायला शिकवणारा माणूस.

पुन्हा अर्ज करता येईल का हे विचारायला तो मोरी-सान नावाच्या एका व्हिसा-सल्लागार बाईकडे निघाला. त्याचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, तरी म्हणाला, "तू चल. वाईट एकट्याने ऐकायला नको वाटतं."

मोरी-सानने कागद वाचले. "उद्यानात, एकटे, दुपारी," ती म्हणाली. "हे वाचणाऱ्याला रोज पिणारा माणूस दिसतो. तुम्ही मला तसे वाटत नाही. कोणी सोबत होतं का? कोणी पाजली, कोणी कामाला पाठवलं? तसं असेल तर पोलिसांकडे जाऊन जबाब दुरुस्त करावा लागेल, पण मग पुढच्या अर्जात मला खरी परिस्थिती मांडता येईल. मिळेलच असं म्हणत नाही. पण हे असंच राहिलं तर फार वर्षं थांबावं लागेल."

पंताने चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरला होता. "समजा, पाजणारा कोणी असेल," त्याने विचारलं, "आणि त्याच्याकडे एइजू असेल, तर त्याचं जातं का?"

"अशा गोष्टीत पहिल्यांदा दंड झाला म्हणून सहसा जात नाही. तुरुंगाची मोठी शिक्षा झाली तर गोष्ट वेगळी, मग देश सोडायची वेळ येऊ शकते. नियम आणखी कडक होताहेत, म्हणून सांभाळून राहावं. पण दंडापुरतं म्हणाल तर, ज्याच्या हातात आहे त्याचं राहतं. जो मागतो आहे त्याला मिळत नाही."

म्हणजे ज्या भीतीने मी 'सकाळी' म्हणालो होतो त्या भीतीत काही नव्हतं. माझं कार्ड जाणार नव्हतं. ते आम्ही दोघांनी एकाच वेळी ऐकलं.

"तर मग," मोरी-सानने विचारलं, "कोणी होतं का?"

पंताने माझ्याकडे बघितलं नाही. तो थांबला. दिव्यापाशी थांबायचा तसा, घाई न करता, बॅगेऐवजी कप छातीशी धरून. मला बोलायला त्याने पुरेसा वेळ दिला. माझ्या मनात आलं, पाजल्याची कबुली एक वेळ ठीक आहे, पण मी पोलिसाशी खोटं बोललो हेही बाहेर येईल. ऑफिसात कळेल. सुजाताला कळेल. मेधावहिनींना कळेल की जिन्यात मी त्यांच्या तोंडावर काय बोललो. मी मोरी-सानच्या मागच्या कॅलेंडरवरचं चित्र बघत राहिलो. त्यावर कुठल्याशा तळ्यात बदकं होती.

"नाही," पंत शेवटी म्हणाला. "एकटाच होतो."

बाहेर पडल्यावर सिग्नल लाल होता. आम्ही दोघं थांबलो. तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. "चहा घेऊ या का?" एवढंच म्हणाला. आत्ताच तर प्यायला होता.

दुसऱ्या नोकरीसाठी त्याने बरीच खटपट केली. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, त्यात प्रत्येक मुलाखतीत तो आपल्याला दंड झाल्याचं सांगायचा. "त्यांनी विचारलं होतं का?" मी वैतागून म्हणालो. "नाही. पण सांगायला हवं ना." आयुष्यात या माणसाने एकदाच खोटं सांगितलं असावं, आणि ते माझ्यासाठी.

मार्च अखेरीला ते गेले. जायच्या आधीच्या दिवसांत तो कचराच मार्गी लावत होता. काय देऊन टाकायचं, काय फेकायचं, कोणत्या दिवशी कोणती गाडी. ओवीचं अभ्यासाचं टेबल कोणाला नको होतं. मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावून त्याने ते खाली नेऊन ठेवलं. ओवी मागोमाग खाली आली आणि टेबलाशेजारी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, गाडी येऊन ते घेऊन जाईपर्यंत. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पुण्याला मजा येईल गं. आजी आहे, आंबे आहेत."

"बेत्सु नी," ती म्हणाली. म्हणजे, तसं काही नाही.

संध्याकाळी पंत माझी सायकल परत द्यायला आला. पोलिसांकडून सुटल्यापासून ती त्याच्याच इमारतीखाली होती. माझी आणायची हिंमत झाली नव्हती. त्याने हवा भरली होती, साखळीला तेल घातलं होतं.

"घे. हातात धरून आणली," तो म्हणाला.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. "वर ये, जेवून जा," असं म्हणालो. तो ग्लासावर ठेवायचा तसा हात त्याने हवेत आडवा धरला. मी आग्रह केला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याला गेलो होतो. पंत आता एका क्लासमध्ये जपानी शिकवतो. आपल्या विद्यार्थ्यांना तिकडच्या नोकऱ्या लागतात हे सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. ओवीला शाळेत एक इयत्ता मागे बसवलं आहे. ती आतल्या खोलीतून बाहेर आली आणि मला बघून घाईघाईने, किती दिवस जिभेवर साठून राहिल्यासारखं, जपानीत विचारलं, "काका, स्टेशनजवळची ती बेकरी आहे का अजून?"

"आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आत गेली. मेधावहिनींनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. आणखी घ्या असं त्या म्हणाल्या नाहीत.

पंत मला स्कूटरवरून सोडायला निघाला. टिळक रोडला लागलो. पुढे दिवा लाल झाला. मी सवयीने पाय टेकायच्या तयारीत होतो. पंताने वेगसुद्धा कमी केला नाही. डावीकडून येणाऱ्या रिक्षाला हूल देऊन तो सरळ निघून गेला.

"पंत! लाल होता!"

"असू दे," तो म्हणाला. "इथे कोण बघतंय?"

माझंच वाक्य, त्या रविवारचं. त्याने ते मुद्दाम म्हटलं की सहज तोंडात आलं, मला माहीत नाही. मी मागे बसलो होतो. त्याचा चेहरा दिसत नव्हता.

मी अजून ओजिमातच राहतो. घराचं कर्ज मिळालं. नवीन आलेल्या लोकांना कचरा शिकवायला आता कोणी जात नाही. त्या अरुंद गल्लीत दिवा लाल असला की मी थांबतो, आणि बरोबरचे लोक म्हणतात, पंताची सवय लागली वाटतं. मोठ्या रस्त्यावरही थांबतो. तिथून समोरची चौकी दिसते. आत एक पोलिस बसलेला असतो, दार बहुतेक उघडंच असतं. दिवा हिरवा झाला की मी रस्ता ओलांडतो आणि चौकीवरून पुढे जातो.

त्या चौकीत जाऊन मला सांगायचं आहे, की अविनाशने सायकल सकाळी नाही, दुपारी नेली. ती मी दिली. आणि त्याच्या ग्लासात दारू मी ओतली. पंताचं एवढं देणं माझ्याकडे आहे. ते मी अजून दिलेलं नाही.